प्रादेशिक बँकेच्या शेअरचा खरा परतावा कसा काढायचा: आधी शेअर मोजा, मग पैसे, टक्के शेवटी

गेल्या दिवाळीत नाशिकरोडचे एक निवृत्त काका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये शेअर सर्टिफिकेट घेऊन आले. दक्षिणेतल्या एका जुन्या खासगी बँकेचे शंभर शेअर. घेतले तेव्हा भाव तीनशेच्या घरात, आणि मोबाइलवर आज दोनशेच्याही खाली. "पंधरा वर्षं सांभाळले आणि हाती तोटा," म्हणाले. मी सर्टिफिकेटवरची दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर छापलेली मूळ किंमत, वाचायला सांगितली. ती होती १० रुपये. मग बँकेच्या वेबसाइटवरची दाखवली. तिथे २ रुपये. म्हणजे मध्ये स्प्लिट झालं होतं, एका शेअरचे लहान दर्शनी किमतीचे तुकडे पडले होते, आणि शंभराचे पाचशे झाले होते. त्याच सुमारास काकांचं सातपूरचं क्वार्टर सुटलं, पत्ता कळवायचा राहिला, आणि नव्या सर्टिफिकेटांचं पाकीट परत गेलं.

याच्या उलट चूक करणारेही तितकेच भेटतात. "पाचपट झाले" असं सांगतात, पण मध्ये राईट्ससाठी (जुन्या शेअरधारकांना ठरलेल्या भावाने देऊ केलेले नवे शेअर) चेक दिला होता हे विसरतात. दोघांची गफलत एकच आहे, भावावरून परतावा काढायची. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. क्रम चुकला तर आकडे बरोबर असूनही उत्तर चुकतं.

कोणती बँक घ्यावी हे इथे सापडणार नाही.

## तयारी: टेबलावर काय काय हवं

- खरेदीच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने दिलेल्या व्यवहाराच्या पावत्या. त्या हरवल्या असतील तर खरेदीची तारीख तरी हवी. त्या दिवसाचा भाव एक्सचेंजच्या जुन्या भावपत्रकात मिळतो.
- डिमॅटचं व्यवहार स्टेटमेंट. होल्डिंग स्टेटमेंट नव्हे. होल्डिंगमध्ये आज किती शेअर आहेत एवढंच दिसतं, ते कसे आले हे दिसत नाही.
- लाभांश जमा होणाऱ्या खात्याचं पासबुक. नोंद बहुधा 'एसीएच' किंवा जुनी असेल तर 'ईसीएस' अशी असते आणि पुढे बँकेचं नाव अर्धवट छापलेलं असतं. अलीकडच्या वर्षांसाठी आयकर पोर्टलवरचं एआयएस (तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाची नोंद) उघडलं तरी चालतं.
- बीएसईच्या वेबसाइटवर त्या बँकेच्या पानावरचा 'कॉर्पोरेट ॲक्शन' हा भाग. बोनस (फुकट मिळणारे नवे शेअर), स्प्लिट, राईट्स, लाभांश सगळं तारखांसकट असतं.
- एक कोरी स्प्रेडशीट.

सावधान: चार्ट दाखवणाऱ्या साइटवरचा जुना भाव इथे वापरू नका. तो बहुतेक वेळा बोनस आणि स्प्लिटसाठी आधीच कमी करून दाखवलेला असतो. तो घेतला आणि वर शेअरची संख्याही वाढवली, तर बोनस दोनदा धरला जातो. एक्सचेंजच्या जुन्या भावपत्रकातला भाव त्या दिवशी होता तसाच असतो. या पद्धतीला तोच लागतो.

## पायरी १: बँक कुठल्या जातीची ते ठरवा

नाशिकमध्ये "बँकेचे शेअर आहेत" असं कोणी म्हणालं की निम्म्या वेळा ते नागरी सहकारी बँकेचे निघतात, आणि तेही कर्ज घेताना कापून घेतलेले. तारण कर्जाला कर्जाच्या २.५ टक्के आणि विनातारण कर्जाला ५ टक्के शेअर घ्यावे लागण्याचा नियम होता (पुरेसं भांडवल असलेल्या बँकांना तो आता ऐच्छिक आहे), तिथूनच ते आलेले असतात.

या शेअरला बाजारभाव नसतो. सभासदत्व सोडलं की दर्शनी किंमत परत मिळते, आणि तीसुद्धा बँकेचं भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत स्वतःचं भांडवल) ९ टक्क्यांच्या खाली नसेल आणि परतफेडीनंतरही खाली जाणार नसेल तरच. राज्याच्या सहकार कायद्याखालच्या संस्थेला लाभांशही साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. तेव्हा गणित सोपं आहे: १०० रुपयांच्या शेअरवर १० टक्के लाभांश म्हणजे १० रुपये, आणि परतावा तेवढाच. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण ठेवीला आहे, शेअरला नाही.

तुमचा शेअर या जातीचा असेल तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. फेडरल, करूर वैश्य, सिटी युनियन, साउथ इंडियन, कर्नाटक बँक, कोल्हापुरातून वाढलेली आरबीएल यांसारख्या बाजारात नोंदलेल्या बँकेचा असेल तर पुढे चला.

## पायरी २: दोन तारखा आधी लिहा, मगच भाव बघा

सुरुवातीची तारीख म्हणजे तुमच्या पैशांची तारीख. शेवटची तारीख आजची, किंवा विकले असतील तर विक्रीची. भाव बघून तारीख निवडली की काहीही सिद्ध करता येतं. २३ मार्च २०२० पासून मोजलं तर जवळपास कुठलीही बँक हुशार दिसते.

शेअर अजून घेतलेलेच नसतील आणि नुसता अभ्यास करायचा असेल, तर एका तारखेवर थांबू नका. दर वर्षीच्या १ जुलैपासून पुढची दहा वर्षं असे पाच-सहा तुकडे मोजा. छोट्या बँकांमध्ये या तुकड्यांची उत्तरं इतकी वेगवेगळी येतात की 'सरासरी परतावा' या शब्दावरचा विश्वास उडतो. ते बरंच आहे.

## पायरी ३: शेअरची संख्या, तारीखवार

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. चुका बहुतेक इथेच होतात.

स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: तारीख, काय घडलं, शेअरमध्ये भर, एकूण शेअर. पैशांचा रकाना अजून नको.

बोनस. १:१० बोनस म्हणजे दहा शेअरमागे एक नवा शेअर. शंभराचे एकशे दहा होतात, हजार नाही. सिटी युनियन बँकेने २०१७ आणि २०१८ मध्ये लागोपाठ असे बोनस दिले. शंभराचे आधी ११० झाले, मग १२१. दुसरा बोनस वाढलेल्या संख्येवर मिळतो, मूळ शंभरावर नाही.

स्प्लिट. दर्शनी किंमत १० ची २ झाली की एकाचे पाच होतात. साउथ इंडियन बँकेने २०१० मध्ये १० ची १ केली, तिथे एकाचे दहा झाले.

दोन्ही एकापाठोपाठ. फेडरल बँकेने २०१३ मध्ये १० ची २ केली आणि २०१५ मध्ये १:१ बोनस दिला. २०१२ मध्ये घेतलेल्या शंभर शेअरचे आज हजार असायला हवेत. ज्याच्याकडे जुना भाव आणि आजचा भाव एवढंच आहे, त्याचं उत्तर दहा पटीने चुकणार.

राईट्स. हे फुकट नसतात. साउथ इंडियन बँकेचा २०२४ मधला राईट्स चार शेअरमागे एक, २२ रुपयांनी होता. तुम्ही पैसे भरले असतील तरच संख्या वाढवा, आणि शेजारी खूण करून ठेवा, कारण पुढच्या पायरीत ती रक्कम लागणार आहे. हक्क बाजारात विकला असेल तर संख्या तशीच ठेवा आणि मिळालेले पैसे टिपून ठेवा. काहीच केलं नसेल तर तो हक्क वाया गेला. त्याची झळ भावातून बसलेली असते, वेगळी नोंद लागत नाही.

विलीनीकरण. महाराष्ट्रातल्या घरांमध्ये हा गुंता हमखास सापडतो. २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली तेव्हा ९२५ शेअरना १०० शेअर मिळाले. आयसीआयसीआयने पुढे २०१४ मध्ये १० ची २ केली आणि २०१७ मध्ये १:१० बोनस दिला. शंभराचे पाचशे, पाचशेचे साडेपाचशे. सांगली बँकेचं पिवळं पडलेलं सर्टिफिकेट रद्दी समजून टाकू नका. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेचं तसं नाही. ती २००६ मध्ये आयडीबीआयकडे गेली तेव्हा शेअरमागे २८ रुपये रोख ठरले. तिथे शेअरची साखळी तुटते आणि फक्त रक्कम उरते.

तपासा: शेवटच्या ओळीतली एकूण संख्या आणि डिमॅटमधली आजची संख्या जुळली पाहिजे. जुळली नाही तर पुढे जाऊ नका. तुमच्या हिशेबात जास्त आणि डिमॅटमध्ये कमी येत असतील, तर काकांसारखी पाकिटं परत गेलेली असू शकतात. न पोहोचलेले शेअर बँकेच्या अनक्लेम्ड सस्पेन्स खात्यात असतात. सलग सात वर्षं लाभांश उचललाच नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे वर्ग होतात आणि तिथून अर्ज करून परत मागता येतात. कागदी शेअर असतील तर आधी डिमॅट करून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत.

## पायरी ४: पैशांची ये-जा

आता पैशांचा रकाना. खिशातून गेलेली रक्कम उणे, खिशात आलेली अधिक. खरेदीत दलाली आणि इतर खर्च धरा.

लाभांशाच्या बाबतीत एक जुना सापळा आहे. बातमीत "६० टक्के लाभांश" असं वाचलं की छाती फुगते. टक्के दर्शनी किमतीवर असतात. २ रुपयांच्या शेअरवर ६० टक्के म्हणजे १ रुपया २० पैसे. भाव दोनशेच्या आसपास असेल तर हा लाभांश अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त. म्हणून टक्के सोडा, शेअरमागे किती रुपये ते लिहा, आणि त्या वर्षीच्या रेकॉर्ड डेटला (लाभांश कुणाला मिळणार हे ठरवणारा दिवस) असलेल्या शेअरच्या संख्येने गुणा. आजच्या संख्येने नव्हे. पायरी ३ आधी करायची ती यासाठीच.

टीडीएस कापून रक्कम जमा झाली असेल तर कापण्याआधीची रक्कम लिहा. कर शेवटी, वेगळा. आणि २०२० मध्ये पासबुकात लाभांश सापडला नाही तर शोधत बसू नका. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये सगळ्या बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देऊ नका असं सांगितलं होतं.

खाली एक नमुना. बँक काल्पनिक आहे आणि सोयीसाठी सगळे व्यवहार १ जुलैला धरले आहेत. लाभांश आधी मिळाला, त्यानंतर बोनस, राईट्स किंवा स्प्लिट झालं असं समजा.

| वर्ष | काय घडलं | एकूण शेअर | रक्कम (रुपये) |
|---|---|---|---|
| २०१० | २०० शेअर, ९० रुपयांनी, खर्च १५० | २०० | −१८,१५० |
| २०११ ते २०१३ | लाभांश दरवर्षी ३ रुपये | २०० | दरवर्षी +६०० |
| २०१४ | लाभांश ३.५० (+७००), राईट्स १:४, ६० रुपयांनी (−३,०००) | २५० | −२,३०० |
| २०१५, २०१६ | लाभांश ४ रुपये | २५० | दरवर्षी +१,००० |
| २०१७ | लाभांश ४ रुपये. मग बोनस १:५ | ३०० | +१,००० |
| २०१८ | लाभांश ३ रुपये | ३०० | +९०० |
| २०१९ | लाभांश ३ रुपये. मग स्प्लिट १० ची २ | १,५०० | +९०० |
| २०२० | लाभांश नाही | १,५०० | ० |
| २०२१ | लाभांश ५० पैसे | १,५०० | +७५० |
| २०२२ | लाभांश ८० पैसे | १,५०० | +१,२०० |
| २०२३ | लाभांश १.२० | १,५०० | +१,८०० |
| २०२४ | लाभांश १.४० | १,५०० | +२,१०० |
| २०२५ | लाभांश १.५० (+२,२५०), विक्री ६२ रुपयांनी (+९३,०००) | ० | +९५,२५० |

टेबलात जागा वाचवायला मी वर्षं एकत्र केली आहेत. तुमच्या शीटमध्ये प्रत्येक रक्कम तिच्या तारखेसह वेगळ्या ओळीत हवी.

## पायरी ५: एक्सआयआरआर काढा

रकमांचा रकाना, तारखांचा रकाना, आणि स्प्रेडशीटमधलं एक्सआयआरआर हे सूत्र, जे वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरून वर्षाचा परतावा काढतं. शेअर विकले नसतील तर शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजच्या भावाने होणारी किंमत अधिक चिन्हाने लिहा, जणू आज विकले.

उत्तर विचित्र आलं किंवा आलंच नाही तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं. खरेदीची रक्कम उणे लिहायची राहिली. तारीख मजकूर म्हणून टाइप झाली, म्हणजे रकान्यात डावीकडे चिकटून बसलेली दिसते. किंवा शीट अमेरिकन पद्धतीवर आहे आणि ५ जुलैचा ७ मे झाला आहे. हा शेवटचा प्रकार वाईट, कारण सूत्र चालतं आणि उत्तर थोडंसंच चुकतं.

वरच्या नमुन्याचं उत्तर साधारण १३.२ टक्के येतं. आता याच शेअरवर लोक काय काय उत्तरं काढतात ते बघा. नुसता भाव बघणारा: ९० चे ६२, ३१ टक्के तोटा. राईट्सचे तीन हजार विसरून ९३,००० ला १८,१५० ने भागणारा: वर्षाला ११.५ टक्के. राईट्स धरून लाभांश सोडणारा: १०.७. लाभांशाने अडीच टक्क्यांची भर घातली आहे. बेरीज केली तर पंधरा वर्षांत १५,४०० रुपये आले, म्हणजे पहिल्या खरेदीच्या पैशातला बराच भाग.

तपासा: सगळा काळ एका वर्षापेक्षा कमी असेल तर एक्सआयआरआर बघूच नका. दोन महिन्यांतली ५ टक्के वाढ ते वार्षिक करून फुगवून दाखवतं.

## पायरी ६: तुलना, पण सारख्याशी

१३.२ चांगले की वाईट हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. लाभांशासकट काढलेला परतावा निफ्टी ५० च्या नेहमीच्या आकड्याशी लावला तर तुमचा शेअर उगाच भारी दिसतो, कारण त्या आकड्यात लाभांश नसतो. टीआरआय, म्हणजे लाभांश धरलेला निर्देशांक घ्या. एनएसईच्या निर्देशांकांच्या साइटवर तो तारखेनुसार मिळतो. म्युच्युअल फंडांनाही सेबीने २०१८ पासून तोच वापरायला लावला आहे.

पद्धत: तुमच्या खरेदीच्या आणि राईट्सच्या तारखांना तेवढीच रक्कम टीआरआयमध्ये गेली असती असं धरा. काटेकोर हवं असेल तर लाभांशाच्या तारखांना तेवढ्या किमतीचे युनिट विकले असंही धरा. निफ्टी बँक या बँकांच्या निर्देशांकाशी तुलना केली तर लक्षात ठेवा, तिथलं वजन मोठ्या बँकांचं आहे. छोट्या प्रादेशिक बँकेला ती मोजपट्टी थोडी परकी आहे. मुदत ठेवीशी तुलना करायची तर करानंतरची करा, कारण व्याजावर तुमच्या स्लॅबने कर लागतो.

इथे एक चूक सगळेच करतात, मीही केली आहे. "जुन्या खासगी बँकांनी किती दिलं" हे बघताना आज बाजारात असलेल्या बँकांचीच यादी घेतली जाते. लक्ष्मी विलास बँक त्या यादीत नसते. नोव्हेंबर २०२० मध्ये ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली आणि तिचं सगळं भागभांडवल राइट ऑफ झालं. शेअरधारकाला शून्य. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या शेअरधारकांचंही तेच झालं. गटाचा परतावा काढताना ही शून्यं धरा, नाहीतर यादी नुसत्या वाचलेल्यांची होते.

## पायरी ७: परतावा आला कुठून

हे केलं नाही तरी पायरी ५ चं उत्तर बदलत नाही. पण पुढची दहा वर्षं शेअर ठेवायचा असेल तर करा, तासाभराचं काम आहे.

बँकेच्या भावाचे दोन भाग पाडता येतात: शेअरमागचं पुस्तकी मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), आणि त्या मूल्याच्या किती पट भाव बाजार देतो ते. दोन्ही टोकांच्या वार्षिक अहवालांतून पुस्तकी मूल्य घ्या आणि जुन्या आकड्याला बोनस-स्प्लिटने भागा. नमुन्यात एकाचे सहा झाले (बोनसने १.२ पट, स्प्लिटने ५ पट), म्हणून २०१० चा ९० हा भाव आजच्या हिशेबात १५. समजा पुस्तकी मूल्य याच पद्धतीने १४ वरून ५६ झालं. म्हणजे चौपट. भावही १५ चा ६२, चौपटीच्या जरा वर. वाढ जवळजवळ सगळी बँकेने कमावलेली.

आता तेच पुस्तकी मूल्य १४ वरून २८ च झालं असतं आणि भाव तरी ६२ असता, तर बाजार पूर्वी एक पट देत होता आणि आता दोन पटींहून जास्त देतोय. निम्मी वाढ लोकांच्या मूडची. मूड उतरायला एक वाईट तिमाही पुरते, आणि प्रादेशिक बँकेला ती लवकर येते, कारण कर्जं त्याच दोन-चार जिल्ह्यांत आणि त्याच धंद्यांत अडकलेली असतात. लासलगावात कांदा पडला की कुणाकुणाचे हप्ते थकतात हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

सावधान: पुस्तकी मूल्यासोबत निव्वळ एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांचा, आकडाही बघा. न फिटणारं कर्ज अजून तरतुदीत गेलेलं नसेल तर पुस्तकी मूल्य कागदावरच मोठं असतं.

## पायरी ८: कर, सगळ्यात शेवटी

२३ जुलै २०२४ पासून वर्षाहून जास्त ठेवलेल्या नोंदणीकृत शेअरच्या नफ्यावर, वर्षाला १.२५ लाखांची सूट वजा जाता, १२.५ टक्के कर आहे. लाभांश एप्रिल २०२० पासून तुमच्याच उत्पन्नात धरला जातो.

३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या शेअरला एक सवलत आहे. त्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव आणि तुमचा विक्रीचा भाव, यातला कमी तो घ्या. मग तो आणि तुमची मूळ खरेदी, यातला जास्त तो खर्च. त्याआधी मिळालेल्या बोनसलाही हे लागू आहे. "बोनसचा खर्च शून्य" म्हणून लोक उगाच जास्त कर भरतात. त्या तारखेनंतरच्या बोनसचा खर्च मात्र शून्यच.

आणि त्या दिवसानंतर स्प्लिट झालं असेल तर ३१ जानेवारी २०१८ चा भावही भागायचा. नमुन्यातल्या बँकेचा भाव तेव्हा २१० होता असं धरा. स्प्लिट २०१९ चं, म्हणून आजच्या हिशेबात ४२. विक्री ६२, नफा शेअरमागे २० रुपये, १,५०० शेअरवर ३०,०००. सूट मर्यादेच्या आत, इतर नफा नसेल तर कर नाही. तो भाव न भागता २१० च भरला तर खर्च ६२ धरला जातो, नफा शून्य दिसतो आणि विवरणपत्र चुकीचं जातं.

काकांनी हे सगळं करायला दोन रविवार घेतले. सस्पेन्स खात्यातल्या शेअरसाठीचा अर्ज गेला आहे. शीटच्या शेवटच्या ओळीत सध्या त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवलंय.